मुलींच्या ओळी

“सर, आज ‘डॉटर’ शब्द काढा,” जयवंती परब म्हणाली.

“कित्याक गो? आज ब्लॅडर आसा,” फिलू डिसोझा म्हणाली. “काल सरच म्हणाले.”

“ब्लॅडर काय पळान जाता? उद्या घेऊ.”

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. ब्लॅडरच्या ओळींचा कागद मी सकाळीच छापून, कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडून, नीट घडी घालून ठेवला होता. नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणणं मला आयुष्यात फारसं जमलेलं नाही, आणि जयवंतीला नाही म्हणणं तर कधीच नाही. मी संगणक चालू केला.

ही गोष्ट आता जुनी झाली. वेंगुर्ल्याच्या अलीकडे खाडीकाठी एक लहानसं हॉस्पिटल होतं आणि त्याच्या मागच्या पडवीत मी दुपारी नर्सेसना इंग्रजी शिकवायचो. ज्यांना परदेशी जायचं असे त्या येत. त्या माघापर्यंत काहीजणी गेल्या, काही कंटाळल्या, आणि वर्गात या दोघीच उरल्या. जयवंती चाळिशीला टेकलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. तिच्या चपलांचा आवाज आला की वॉर्डातले पेशंट सरळ होऊन झोपत. फिलोमिना आरोंद्याची, तिला सगळे फिलू म्हणत. फिलूला परदेशी मुळीच जायचं नव्हतं. “घराकडे सासू आसा, हंय वारो आसा,” असं ती वर्गात येण्याचं कारण सांगायची.

मी चांगला शिक्षक होतो असं मला तेव्हा वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. मी मुळात कॉलेजातला ग्रंथपाल. माझं इंग्रजी सगळं पुस्तकांतून आलेलं. इंग्रज माणसाशी मी कधी बोललो नव्हतो, आणि एखादा समोर आला असता तर बहुधा खांबाआड गेलो असतो. त्यामुळे पुण्याच्या एका शिबिरात एका प्राध्यापकांनी ती सीडी हातात ठेवली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. इंग्रजी माणसं खरोखर जे बोलली आणि लिहिली होती, त्यातली लाखो वाक्यं तिच्यात साठवलेली होती. पत्रं, बातम्या, दुकानातली बोलणी, फोनवरच्या गप्पा. एखादा शब्द टाकला की तो जिथं जिथं आला असेल ती प्रत्येक जागा समोर यायची. एकाखाली एक ओळी, प्रत्येक ओळीच्या मधोमध तोच शब्द, आणि दोन्ही टोकांना कापलेलं वाक्य. ते कुठून आलं नि पुढं कुठं गेलं हे दिसत नसे. त्या शब्दाच्या शेजाराला कोण बसलंय तेवढं दिसे.

मी अर्थ सांगत नसे. शेजार बघून तो त्यांनीच ओळखायचा. तिकडे चहा ‘स्ट्राँग’ असतो, वाराही स्ट्राँग असतो, पण पाऊस मात्र ‘हेवी’. हे कुठल्या नियमानं शिकवणार? ओळी वाचायच्या आणि शंभर माणसं जे म्हणाली ते आपण म्हणायचं.

“म्हणजे चाय पैलवान आणि पाऊस गरवार,” असा फिलूने त्याचा गोषवारा काढला होता, आणि नंतर दोन्ही शब्द ती कधी चुकली नाही.

जयवंतीने तो कागद पहिल्यांदा पाहिला तेव्हा हातभर लांब धरून ती बराच वेळ बघत राहिली होती. मग कपाळावरचा चष्मा तिने खाली ओढला. त्या चष्म्याशिवाय तिला थर्मामीटरसुद्धा दिसत नसे, पण बोलताना तो कायम कपाळावर. “सर, हा मधला शब्द म्हणजे वळेसारातला दोरा,” ती म्हणाली, “आणि फुलं दोन्ही बाजूंना.” तिच्या केसांत रोज अबोलीचा वळेसार असे. मी इतकी वर्षं पुस्तकांत राहिलो, मला ते सुचलं नव्हतं.

माझा एकच नियम होता, आणि तो मी पुन्हापुन्हा सांगायचो. एका ओळीवर विश्वास ठेवायचा नाही. एकटा माणूस काहीही बोलेल. पुष्कळ जण तसं बोलले तरच ती भाषा.

त्या दुपारी ‘डॉटर’च्या ओळी छापायला लागल्या. प्रिंटर करवतीसारखा ओरडत होता आणि कागद टेबलावरून उतरून पडवीच्या जमिनीवर घड्या घालत बसत होता. बाहेर काजूला मोहोर आला होता. खाडीला भरती लागलेली, आणि वाऱ्याबरोबर मोहोराचा आणि चिखलाचा मिळून एक सुस्त वास आत येत होता. दोघी आळीपाळीने वाचू लागल्या. इंग्रजीत होतं ते. मला आठवतं तसं मराठीत सांगतो.

“…थोरली मुलगी आता कॅनडात असते आणि नाताळला…”

“…त्यांच्या मुलीची गाडी सुटली तेव्हा म्हातारा टोपी हातात घेऊन…”

“…आपल्या मुलीला मावशीकडे पाठवायचं ठरवलं, कारण तिथली हवा…”

“…धाकटी मुलगी बोटीवर चढली आणि धक्क्यावरच्या बायकांनी…”

प्रत्येक ओळ अशीच अधांतरी थांबायची. थांबली की तेवढ्यापुरती शांतता व्हायची आणि तिच्यात खाडीचं पाणी वाजायचं. मला त्या ओळी वाचताना नेहमी असं व्हायचं की खिडक्यांच्या रांगेसमोरून आपण जातोय. प्रत्येक खिडकीत कुणीतरी काहीतरी बोलता बोलता दिसतं आणि पुढं गेल्यावर मागून त्याचा आवाज येतो, शब्द येत नाहीत.

“सायबा,” फिलू म्हणाली, “सगळी आपली चेडवां भायर धाडतत. एक तरी घरात जेवक बसलेली दाखव.”

मी हसलो. जयवंती हसली नाही. तिने आणखी एक लांबलचक पान वाचून काढलं, मनातल्या मनात, ओठ हलवत.

“ही माणसं खरी, सर?” तिने विचारलं.

“हो. कुणीतरी कधीतरी खरंच बोललेलं आहे हे.”

“मग आता ती कुठं असतील?”

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

वर्ग संपला तरी ती उठली नाही. कागदाच्या घड्या सारख्या करत बसली. माझ्याशी ती पुस्तकी मराठीत बोलायची. मनातलं काही आलं की मालवणीवर जायची.

“शनिवारी मुंबईला फोन करायचाय, सर. येते की नाही ते सांगायला.”

हे मला माहीत होतं. आयर्लंडातल्या एका लहान गावात म्हाताऱ्या माणसांचा आश्रम होता, तिथं तिची निवड झाली होती. फोनवरची मुलाखत तिने माझ्यासमोर, याच पडवीत, चष्मा कपाळावर ठेवून दिली होती आणि पलीकडच्या बाईंना दोनदा हसवलं होतं. त्यानंतर मी तिचं अभिनंदन केलं होतं. घरी जाऊन मी दिवा न लावता बराच वेळ बसून राहिलो होतो, पण ते तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

“घराकडची काय म्हणतत?” फिलूने विचारलं.

“सगळी म्हणतत जा. आई म्हणता जा. भाऊ म्हणता जा. वयनी तर बॅग बघून इली.”

“मगे? झाला तर.”

“झाला,” जयवंती म्हणाली. “मेट्रनपण म्हणाल्या जा. सर अभिनंदन म्हणाले.”

“मग तुझा अडला खंय?”

“रविवारी देवळात कौल लावलो.”

आमच्या भागात हे अजून चालतं. गुरव देवाच्या मूर्तीला उजवीडावीकडे ओले कळे चिकटवतो, तुमच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे बघत बसतात. उजवा कळा पडला तर होकार, डावा पडला तर नकार.

“मगे? देव काय म्हणालो?”

“काय नाय. दोनय कळे चिकटान रवले. सगळी बसली बसली आणि उठान गेली. गुरव म्हणालो, मनात गुंतो आसा.”

“देवाकय कंटाळो येता,” फिलू म्हणाली आणि पर्स काखेला मारून निघाली. जयवंतीने मला विचारलं, “हे कागद नेऊ का घरी?” मी म्हणालो, न्या की. ब्लॅडरही नेलंत तर बरं होईल, असं म्हणायचं मनात होतं, पण विनोद मला वेळेवर सुचला तरी बाहेर पडत नाही.

दुसऱ्या दिवशी कागद परत आले.

“वाचलं सगळं,” ती म्हणाली.

“मग? काय सापडलं?”

“नाही सापडलं.”

“पण तुम्ही शोधत काय होता? मला सांगितलंत तर मी नेमकं काढून देईन. त्या यंत्रात तशी सोय आहे, शब्दाच्या शेजारी अमुक शब्द असलेल्या तेवढ्याच ओळी…”

“सापडलं असतं तर तुम्हालाही कळलं असतं, सर.”

मी माझ्या पद्धतीने विचार केला. मला वाटलं, ओळी कमी पडल्या. पुरेशा ओळी पाहिल्या की उत्तर दिसतं अशी माझी त्या काळी श्रद्धाच होती. तेव्हा त्या दिवशी वर्ग झाल्यावर मी पडवीतच थांबलो आणि सीडीतल्या सगळ्या मुली छापायला लावल्या.

खोक्यातला कागद संपत आला. सूर्य खाडीपलीकडच्या माडांत उतरला, पडवीत तांबूस उजेड आला आणि मी ओळी वाचत बसलो. कुणाची मुलगी नर्स होती, कुणाची आंधळी होती. एक बाप मुलीच्या जुन्या खोलीत कांदे वाळत घालत होता. एक आई मुलीने पाठवलेला कोट कपाटात टांगून ठेवत होती आणि पाहुण्यांना… पुढं कापलेलं. एक मुलगी तळ्याकाठी उभी होती, एवढंच. अंधारून यायला लागलं तसतशी मला ती माणसं पडवीत येऊन बसल्यासारखी वाटू लागली. कठड्यावर, बाकावर, औषधांच्या रिकाम्या खोक्यांवर. कुणी काही बोलत नव्हतं. आपापली अर्धी वाक्यं मांडीवर घेऊन सगळी जणू कशाची तरी वाट बघत होती. पण कशाची, ते मला कळलं नाही. वॉचमन कुलूप घेऊन आला आणि मी कागद गोळा केले.

शुक्रवारी जयवंतीने तो गठ्ठा पाहिला आणि ती पहिल्यांदा हसली.

“एवढ्या?”

“सगळ्या. याच्यापलीकडे नाहीत माझ्याकडे.”

तिने इकडचं पान, तिकडचं पान उघडून पाहिलं. मग चष्मा कपाळावर चढवला.

“वाचत नाही बसत आता. कौल लावूया.”

“कशाला?” मी विचारलं.

“ह्यांका. ह्या मुलींका. सगळे कागद जमिनीवर पसरायचे. वरून पाकळी टाकायची. ज्या ओळीवर पडेल ती ओळ माझी.”

“परब सिस्टर, हे बघा,” मी म्हणालो, “एका ओळीवर…”

“विश्वास ठेवायचा नाही. म्हायत आसा.” आणि ती कागद उलगडायलाही लागली.

आम्ही तिघांनी मिळून पडवी पांढरी केली. वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर सलाईनच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या, मधे एक किडनी ट्रे. फिलूने वॉर्डातून उंच स्टूल आणलं. जयवंतीने वळेसारातून अबोलीचं एक फूल ओढलं, त्याच्या पाकळ्या सुट्या केल्या आणि त्यातली एक माझ्या तळहातावर ठेवली.

“मी?”

“मागणाऱ्यानं स्वतः टाकायची नसते. गुरव लागतो.”

“फिलूबाईंना सांगा ना.”

“फिलू गाऱ्हाणा घालतली.”

तर मी त्या स्टुलावर चढलो. माझं वय तेव्हा पंचावन्नच्या पुढं, गुडघे आधीपासूनच संशयी. खाली सगळ्या जगाच्या मुली पसरलेल्या, आणि मी बोटांत अबोलीची पाकळी धरून उभा. मेट्रन या बाजूला आल्या तर काय सांगायचं, याचाच मी विचार करत होतो. फिलूने पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले आणि गुरवाचा हेल काढला.

“बा देवा कंप्युटरेश्वरा म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा,” जयवंती म्हणाली.

“आज ही परबांची लेक जयवंती तुझ्या पायाकडे इलेली आसा…”

“व्हय म्हाराजा.”

“तिका विलायतेक धाडूचा की हंयच ठेवूचा, ता ह्या कागदार दाखव. काय वाईट वंगाळ असात ता खाडीपलीकडे घाल…”

“व्हय म्हाराजा.”

“आणि आमच्या सरांक स्टुलावरसून पाडू नको.”

“व्हय म्हाराजा.”

मी पाकळी सोडली. ती खाली जायच्या ऐवजी वर गेली, वाऱ्यावर जराशी तरंगली आणि कठड्यावरून खाडीकडे निघून गेली.

“दुसरी घ्या,” जयवंती म्हणाली.

दुसरी पाकळी फिलूच्या डोक्यावर पडली. “माका खंय जावचा नाय,” असं सांगून तिने ती झटकली.

तिसरी मी सोडली तर सुटलीच नाही. घामाने ओल्या झालेल्या माझ्या अंगठ्याला ती चिकटून बसली. मी हात हलवला. ती तिथंच. मूर्तीला चिकटलेल्या कळ्यासारखी.

फिलू हसायला लागली होती ती थांबली. जयवंती खालून वर बघत होती, माझ्या अंगठ्याकडे नव्हे, माझ्याकडे.

“सर,” ती म्हणाली, “टाकणाऱ्याच्या मनात काय असता नये. मगे पाकळी पडणा नाय.”

“माझ्या मनात कुठं काय आहे?”

“आसा. काय आसा?”

काही नाही, हे उत्तर माझ्या जिभेवर तयारच होतं. ते कायमच तयार असायचं. वर्गात कुणी विचारलं, सर बरं वाटत नाही का. शेजाऱ्यांनी विचारलं, एकट्याला करमतं का. पुण्याच्या शिबिरात विचारलं, आपल्याला काही शंका? काही नाही. मी तोंड उघडलं ते तेच म्हणायला. पण आदल्या संध्याकाळपासून ती सगळी माणसं माझ्याभोवती बसली होती, आणि स्टुलावरून खाली पाहताना मला एकदम वाटलं की ती मान वर करून माझ्याकडेच बघताहेत.

“तुम्ही जाऊ नका,” मी म्हणालो.

मला त्याच्या पुढं काहीतरी जोडायचं होतं. असं मला वाटतं, किंवा अर्थात निर्णय तुमचाच. काहीच आलं नाही. ते वाक्य तसंच पडवीत उभं राहिलं, मागंपुढं काही नसलेलं.

फिलूलाही शब्द सुचला नाही, आणि तिला गप्प झालेलं मी त्याआधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. खाली कागदाचा एक कोपरा फडफडत होता. जयवंतीचा चेहरा मला नीट वाचता आला नाही. माणसांचे चेहरे वाचणं हा माझा प्रांत नव्हे. एवढंच दिसलं की तिच्या खांद्यांवर गेले काही दिवस जे काही होतं ते उतरल्यासारखे खांदे खाली आले.

“उतरा, सर,” ती हळूच म्हणाली. “सांभाळून.”

मी उतरलो. तिने माझ्या अंगठ्यावरची पाकळी नखाने सोडवली, फिलूच्या हातात दिली आणि म्हणाली, “तू टाक. तुझ्या डोक्यात काय नसता.”

फिलू चढली, तिने पाकळी टाकली, आणि पाकळी सरळ खाली गेली. वाराही तेवढ्यापुरता थांबला होता की काय कोण जाणे. कागदाच्या मधोमध, त्या शब्दांच्या उभ्या रांगेच्या जरा उजवीकडे, ती जाऊन बसली. जयवंती वाकली. गुडघ्यांवर हात टेकून तिने क्षणभर पाहिलं. मग ती पट्टी अलगद फाडून घेतली, पाकळीसकट तिची घडी केली आणि पर्समध्ये टाकली.

“काय आसा?” फिलूने स्टुलावरूनच विचारलं. “वाच गो.”

“उजवो,” जयवंती म्हणाली.

शनिवारी तिने मुंबईला फोन केला आणि येते म्हणून सांगितलं.

मला जे वाटायचं ते वाटलं. आयुष्यात एकदा तोंड उघडलं, तर गुरवाला स्टुलावरून खाली उतरवण्यापुरता त्याचा उपयोग झाला. त्यानंतरचे आठवडे मी तिला प्रवासाचे शब्द शिकवले. बॅग, खिडकी, उशीर, थंडी. दोघांनीही त्या दुपारचा विषय काढला नाही. हॉस्पिटलात निरोपसमारंभ झाला. मेट्रननी भाषण केलं, तिच्या आईने सगळ्यांना खाजं वाटलं, भाऊ टॅक्सी घेऊन आला. मी पडवीच्या खांबाजवळ उभा होतो. टॅक्सीत बसण्याआधी ती खांबापर्यंत आली. “येतंय हां, सर,” म्हणाली आणि गेली.

पहिल्या रजेवर ती आली तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. मी निवृत्त झालो होतो, सीडी एका पुस्तकात खूण म्हणून ठेवली होती. ती माझ्या घरी आली, ओट्यावरच्या बाकावर बसली, चपला पायरीखाली काढल्या होत्या. तिथल्या म्हाताऱ्या लोकांच्या गोष्टी सांगत होती. एक आजोबा तिला रोज हवामान सांगायचे आणि ते रोज चुकीचं निघायचं. तिचं इंग्रजी आता माझ्यापेक्षा खूप पुढं गेलं होतं. ते ऐकता ऐकता मला धीर आला.

“त्या पट्टीवर काय होतं?” मी विचारलं.

“कुठल्या?”

“पाकळी पडली होती ती ओळ. काय होती?”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. हसता हसता तिने कपाळावरचा चष्मा काढून माझ्यासमोर धरला.

“माका काय दिसला, सर? हो चष्मो हंय होतो,” तिने कपाळावर बोट ठेवलं. “नुसत्या काळ्या मुंग्या. पट्टी मुंबईला पोचेपर्यंत पर्समध्ये होती, मग कुठं गेली कुणास ठाऊक.”

“पण तुम्ही उजवा म्हणालात.”

“म्हणाले.”

“मग कशावरून?”

ती थोडा वेळ अंगणाकडे बघत राहिली. माझ्या अंगणात बघण्यासारखं काही नव्हतं, एक अबोलीचं झुडूप सोडून. ते मी मधल्या काळात लावलं होतं.

“घरात सगळी म्हणाली जा,” ती म्हणाली. “मायेनंच म्हणाली, वाईट कोण नव्हता. आई म्हणाली, माझ्यासाठी अडकू नको. भाऊ म्हणाला, असा चान्स येत नाही. पण कसं होतं सर, सगळ्यांनी जा म्हटलं की माणूस जात नाही. त्याका धाडतत. पावणो उठलो की दार लावतत तसा. मला जायचं होतं हो. पण मागे कोणतरी थांब म्हणतंय, आणि आपण त्याला सांगून, समजावून निघालो, असं जायचं होतं. तुमच्या त्या कागदांत मी तेवढंच बघत होते. एवढे आवशी-बापूस, एक तरी कोण आपल्या चेडवाक जाव नको म्हणता काय. नव्हता. एकय नव्हता.”

मी अबोलीच्या झुडपाकडे पाहिलं.

“आणि मगे तुम्ही स्टुलावरसून म्हणालात. तेवढ्यान माका जावक इला.”

ओट्यावर ऊन येत होतं. ती उठली, पायरीवर उभी राहून चपला चाचपू लागली. आणि मग, चपलेत एक पाय घालून, वळली.

“परवा निघतंय,” ती म्हणाली आणि थांबली. वाट बघत असल्यासारखी थांबली.

मला उशिरा का होईना कळलं.

“जाऊ नका,” मी म्हणालो.

“व्हय म्हाराजा,” ती म्हणाली, दुसरा पाय चपलेत घातला, आणि फाटक लावून हलक्या पावलांनी रस्त्याला लागली.

तेव्हापासून तसा रिवाजच पडला. ती रजेवर यायची, निघायच्या आधी ओट्यावर येऊन बसायची, आणि उठताना थांबायची. मी म्हणायचो. ती व्हय म्हाराजा म्हणायची आणि जायची. दरवेळी मला वाटायचं की यंदा आपल्याला म्हणता येणार नाही, आवाज फुटणार नाही, दरवेळी फुटायचा. तिची आई गेली, फिलूला नातवंडं झाली, हॉस्पिटलची पडवी पाडून तिथं गाड्या लावायला जागा केली. त्या ओळींतल्या मुली मात्र अजून कधीकधी संध्याकाळच्या माझ्या ओट्यावर येऊन बसतात, आपापली अर्धी वाक्यं घेऊन. आता मी त्यांच्याकडे बघून लाजत नाही.

यंदा ती मार्गशीर्षात आली. केस पिकलेले, त्यात माझ्याच झुडपाची अबोली. नोकरीच्या गोष्टी या खेपेला तिने फारशा सांगितल्या नाहीत. हवामान सांगणारे आजोबा गेले, एवढं म्हणाली. मग बराच वेळ दोघंही रस्त्यावरून जाणाऱ्या शाळेच्या पोरी बघत बसलो. ऊन ओसरीपर्यंत आलं तशी ती उठली आणि पायरीवर जाऊन उभी राहिली.

मी दरवेळेसारखं ओट्याच्या खांबाकडे पाहिलं.

“जाऊ नका,” मी म्हणालो.

“व्हय म्हाराजा,” ती म्हणाली.

चपलांचा आवाज आला नाही. मी मान वळवली. तिच्या चपला पायरीखाली उन्हात तापत होत्या. तिने पायाच्या अंगठ्याने त्या एकेक करून सावलीत सरकवल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या बाजूने घरात गेली.

“सर,” आतून आवाज आला, “चायची पावडर खंय ठेवतास?”

मी सांगितलं.